साळूची वाफ

"...पण का नाही? कारण तरी सांगाल?"

अल्हाट मास्तर ओट्याशी उभे राहून कपबश्या विसळत राहिले.

रत्नाकर पटारे उंबऱ्यातच थांबला होता. बाहेर कडुनिंबाखाली त्याची जीप होती, जीपला जोडलेली ट्रॉली, आणि ट्रॉलीवर ताडपत्रीत बांधलेली साळू.

"मास्तर, तुम्ही काही करायचं नाहीये. रविवारी गावच्या शाळेच्या मैदानावर यायचं, हिरवा झेंडा हलवायचा, खुर्चीत बसायचं. सगळा गाव जमणार आहे. तुमच्या हातून व्हावं म्हणून मी एवढा..."

"रत्नाकर."

"हं?"

"तुला त्या इंजिनाची भीती वाटते का?"

रत्नाकर हसला. "मला? मी बनवलंय ते!"

"ते नाही विचारलं."

"नाही वाटत. कशाला वाटेल?"

मास्तरांनी शेवटची बशी पालथी घातली. पंच्याला हात पुसले.

"मग मी येत नाही," ते म्हणाले.

शमुवेल अल्हाट नांदूरटेकच्या मिशनच्या उद्योगशाळेत लोहारकाम आणि बॉयलरकाम शिकवायचे. उद्योगशाळा बंद पडली, मास्तर तिथंच राहिले. बायको वारली, मुलगा दूरदेशी गेला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते लहान लहान वाफेची इंजिनं बनवत बसायचे आणि कुणी शिकायला आलं तर शिकवायचे. आवाज कधी चढत नसे. तरी त्यांच्यासमोर कानस हातात धरताना चांगल्या चांगल्यांच्या तळव्यांना घाम सुटायचा.

रत्नाकर हा त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. असं मास्तर म्हणत नसत, रत्नाकर म्हणायचा. आणि ते खोटंही नव्हतं.

नगरला त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं. पोटापाण्याला तो पंपाचे सुटे भाग बनवायचा आणि जिवासाठी इंजिनं. मोठ्या रेल्वेची नव्हे. त्याचा जीव जडला होता तो राबणाऱ्या, ठेंगण्या, अरुंद रुळांवरच्या इंजिनांवर. खाणीत दगड ओढणारी, धरणाच्या कामावर माती वाहणारी, चहाच्या मळ्यांत, लाकडाच्या वखारींत, साखर कारखान्यांत झिजलेली. साता समुद्रापलीकडे तयार व्हायची, सुटी करून खोक्यांत भरून बोटीनं मुंबईला यायची, तिथून मालगाडीनं, आणि शेवटचा टप्पा बैलगाडीनं. इथं एखादा फिटर ती पुन्हा जोडायचा. धरण पुरं झालं की इंजिन दुसऱ्या कामावर विकलं जायचं. मालक बदलायचा, रंग बदलायचा, नाव बदलायचं. मग ट्रक आले, ट्रॅक्टर आले, आणि बहुतेक सगळी भंगारवाल्याच्या कटरखाली गेली.

नांदूरटेकच्या जुन्या कारखान्याकडं अशी दोन इंजिनं होती. उसाच्या फडापासून कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत वाघिणी ओढायची. त्यांतल्या एकीची शिट्टी साळुंकीसारखी, म्हणून फडातल्या बायका तिला साळू म्हणायच्या.

दुसरीचं नाव गावात कुणी घेत नसे.

कारखाना कधीच मोडला, साळूही मोडीत गेली. रत्नाकरनं जुने फोटो जमवले, म्हाताऱ्या लोकांना विचारून विचारून भंडावलं, आणि खऱ्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी साळू पुन्हा घडवली. उभी केली तर गुडघ्याच्या थोडी वर येईल एवढीच. पण मागं सपाट डबे जोडले की मुलांची रांगच्या रांग ओढील अशी ताकदीची. पूर्वी इंजिनांचे कारखानेच गिऱ्हाइकाला दाखवायला अशी चालती लहान इंजिनं करायचे, हे त्यानं कुठंसं वाचलं होतं. त्यामुळं कुणी 'खेळणं' म्हटलेलं त्याला खपत नसे. "ह्यात खरं पाणी, खरा कोळसा, खरी वाफ आहे," तो ठणकावून सांगायचा.

प्रदर्शनांत त्याच्या इंजिनांना पहिलं बक्षीस ठरलेलंच. या वेळी मात्र नुसतं प्रदर्शन नव्हतं. शाळेच्या मैदानाभोवती रूळ टाकून झाले होते. रविवारी गावातली पोरं साळूच्या मागं बसणार होती.

"मास्तर," रत्नाकर आता आत आला. आवाज जरा कडक झाला होता. "तुमचा माझ्या कामावर विश्वास नाही, असंच ना?"

मास्तरांनी पंचा खुंटीला अडकवला.

"माझी स्वतःची मुलगी पहिल्या डब्यात बसणार आहे. रेवती. इंजिनाच्या अगदी मागं. आता आणखी काय खात्री देऊ तुम्हाला?"

मास्तरांनी डोळे मिटले. 

"उतरव," ते म्हणाले.

"काय?"

"साळूला उतरव. शेडमध्ये घे. आणि पेटव."

फळ्या लावून, दोर धरून, रत्नाकरनं साळू खाली घेतली आणि शेडमधल्या तुकडाभर रुळावर उभी केली. हिरवा रंग, पितळी पट्ट्या, तांब्याचं धुराड्याचं टोपण. ती तिथं आली आणि शेडमधलं बाकी सगळं जुनाट दिसू लागलं. त्याच्या छातीत अभिमान दाटून आला. त्यानं तिरक्या नजरेनं मास्तरांकडं पाहिलं.

मास्तरांनी दार लावून घेतलं. आतून कडी घातली.

"कडी कशाला?"

"असू दे."

शेडला दुसरं दार नव्हतं. वर एक झरोका होता. धुराड्याला लावायची नळी होती, ती पत्र्याच्या भोकातून बाहेर जात होती. रत्नाकरनं बॉयलरात पाणी भरलं, काचेच्या नळीत पातळी बघितली, रॉकेलात भिजवलेला लाकडी कोळसा भट्टीत सारला आणि काडी ओढली.

मास्तरांनी स्टूल उचललं. साळूच्या डाव्या अंगाला, भट्टीला जवळजवळ गुडघे टेकतील असं ठेवलं आणि त्यावर बसले.





"इकडं बसा ना, मास्तर. माझ्या बाजूला. तिथं झळ लागेल."

"लागू दे."

कोळसा धरला. वर दगडी कोळशाचे बारीक तुकडे पडले. भट्टी आधी कुरकुरली, मग घोरल्यासारखा आवाज करू लागली. तांबं तापलं की टिक्‌ टिक्‌ करतं. रत्नाकरनं तो आवाज शेकडो वेळा ऐकला होता. आज तो त्याला मोठा वाटला.

"हिची बहीण तू पाहिली नसशील," मास्तर म्हणाले.

"दुसरं इंजिन? नाही. माझ्या जन्माआधी..."

"मी पाहिलंय. उसाच्या वाघिणी घेऊन कालव्याच्या अंगानं येत होतं. मी उद्योगशाळेत नुकताच शिकवायला लागलो होतो, सायकलवर चाललो होतो. पुढं वळणाआड ते होतं. धूर दिसत होता."

"मास्तर, ते सगळं मला माहीत आहे. बॉयलर फुटला. बाबूराव ड्रायव्हर आणि..."

"काय माहीत आहे तुला?"

रत्नाकरनं फावडं खाली ठेवलं.

"लोक म्हणतात, मोठा आवाज झाला," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "मला आवाज आठवत नाही. नंतरचं आठवतं. वळण घेतलं आणि समोर ऊस होता. दोन्ही अंगांचा ऊस पांढरा पडला होता. उभ्या उभ्या शिजला होता, रत्नाकर. आणि वास... गुऱ्हाळासारखा. गोड वास."

त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. 

"मी गूळ खात नाही तेव्हापासून."

दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जागचा हलला.

"मास्तर, ते मोठं इंजिन होतं. केवढा बॉयलर, केवढं पाणी. हे म्हणजे..."

"इंजिन तू लहान केलंस."

"हो, तेच म्हणतोय."

"वाफ लहान करता येते का?"

रत्नाकरनं फावड्यानं आणखी चार तुकडे भट्टीत टाकले. हातातलं फावडं भट्टीच्या तोंडावर आपटलं. एरवी कधी आपटत नसे.

काटा चढत होता.

त्याची नजर गेजवर असायला हवी होती. तशी ती होतीही. पण मधूनच ती खाली उतरायची, साळूच्या डाव्या अंगाला, पितळी पट्टीच्या जरा खाली. तिथं हिरवा रंग होता. गुळगुळीत, चकचकीत. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं.

तरी ती उतरायची.

मास्तरांचा गुडघा अगदी त्याच जागी होता.

"मास्तर, जरा मागं सरका."

"का रे?"

"नाही... धोतराला ठिणगी लागेल."

"ठिणगी डाव्या बाजूनं कशी येईल? भट्टीचं तोंड तुझ्याकडं आहे."

मास्तरांनी हे साधेपणानं विचारलं होतं. रत्नाकरच्या कानामागून घामाचा ओघळ उतरला. शेड तापली होती. कडी लावलेल्या दाराच्या फटीतून बाहेरचा उजेड दिसत होता आणि तो फार लांब वाटत होता.

ती जागा त्याला माहीत होती. दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती.

भट्टीच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्याला आरपार धरून ठेवणाऱ्या तांब्याच्या कांड्या असतात. वाफ दोन पत्र्यांना फाकवायला बघते, कांड्या त्यांना सोडत नाहीत. साळूच्या पोटात अशा कितीतरी कांड्या होत्या. सगळ्यांचे सांधे त्यानं चांदी वितळवून, ब्रेझिंगनं पक्के केले होते. एका कोपऱ्यात मात्र ज्योत नीट पोचली नव्हती. पंपानं पाणी दाबून बॉयलरची चाचणी घेताना तिथं एक थेंब आला होता. पुसला, पुन्हा आला. सगळा बॉयलर पुन्हा लाल करून तो सांधा नव्यानं जोडायचा तर महिनाभराचं काम होतं. त्यानं त्या जागी कथलाचा डाग मारला, जो गळती थांबवतो पण ताण पेलत नाही. थेंब थांबला. इंजिन चालतं त्याच्या दुप्पट दाबाची चाचणी घ्यायला मास्तरांनी शिकवलं होतं. त्यानं पंप दुपटीच्या बऱ्याच आधी सोडून दिला. मग वर वेष्टण चढवलं, वेष्टणावर रंग, रंगावर पितळी पट्टी.

आणि तो विसरून गेला. खरंच विसरून गेला होता.

भस्स्‌...!

रत्नाकर ओरडला. मागं कोलमडला, त्याची पाठ पत्र्यावर आदळली.

जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला होता. वाफेचा पांढरा खांब छतापर्यंत गेला आणि पसरला. दुसरं काही नव्हतं. जसा उडायला हवा तसा, जितक्या दाबाला उडायला हवा तितक्याच दाबाला उडाला होता.

वाफ विरली. मास्तर स्टुलावर होते तसेच होते. चेहरा पांढराफटक पडला होता.

"व्हॉल्व्ह चांगला बसवलायस," ते म्हणाले. "फलाट कुठल्या बाजूला आहे रे रविवारी?"

"...काय?"

"पोरं चढायला कुठं उभी राहणार?"

"डाव्या."

"ह्या बाजूला?"

"हो."

मास्तर उठले. स्टूल तिथंच ठेवलं. हातानं त्याच्यावरची धूळ झटकली, पाहुण्याला बसायला द्यावं तशी.

"ये. माझ्या जागी बस."

रत्नाकर हलला नाही.

"ये ना."

काटा अजून वरच होता. भट्टी धडधडत होती. त्या रिकाम्या स्टुलावर त्याला रेवती दिसली. दोन वेण्या, पाय हलवत, फलाटावर आपली पाळी येण्याची वाट बघत. तिच्या मागं बाकीची पोरं. पुढं हिरवा चकचकीत रंग.

त्यानं पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय उचलेना.

"मास्तर, बाहेर जा."

"का?"

"तुम्ही आधी बाहेर जा!"

मास्तर बाहेर गेले नाहीत. ते पुन्हा स्टुलावर बसायला वाकले.

आणि मग रत्नाकरच्या आधी त्याचं अंगच हललं. एका ढांगेत तो तिथं पोचला. मास्तर आणि साळू यांच्या मधल्या वीतभर जागेत घुसला, बॉयलरकडं पाठ करून गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी मास्तरांना भिंतीशी दाबून धरलं. मग एक हात मागं नेऊन चाचपत चाचपत भट्टीखालची खीळ ओढली. जाळी पडली. विस्तव रुळांमध्ये सांडला. खीळ टाकून त्यानं शिट्टीचा दांडा पकडला आणि खाली दाबून ठेवला.

साळू किंचाळली.

ती शिट्टी त्यानं किती कौतुकानं जुळवली होती. म्हाताऱ्या बायकांना ऐकवून, त्या मान डोलवीपर्यंत पुन्हा पुन्हा कापून, घासून. आता त्या बंद शेडमध्ये ती थांबेना. कान फाटायची वेळ आली. कोंबड्या ओरडत पळाल्याचं बाहेर ऐकू आलं. रत्नाकरच्या पाठीला बॉयलरची झळ लागत होती. पाठीच्या कातडीतला कण न्‌ कण वाट बघत होता. आता... आता... आता...

त्यानं डोळे घट्ट मिटले. दांडा सोडला नाही.

शिट्टी बारीक होत गेली. मग नुसती घरघर. मग काही नाही.

वळून पाहिलं तर काटा खाली टेकला होता.

मास्तरांनी कडी काढली. बाहेरचं ऊन एकदम आत आलं. दोघं जण कडुनिंबाखाली जाऊन बसले.  

मग रत्नाकरनं सांगितलं. थेंब, कथील, अर्ध्यात सोडलेला पंप, रंग. सगळं सांगितलं.

मास्तरांनी ऐकून घेतलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" शेवटी रत्नाकरनं विचारलं.

"काय?"

"की बॉयलर कच्चा आहे."

"कुणी नाही."

"मग तुम्ही ओळखलंत कसं?"

"मी कुठं ओळखलं? मला बॉयलरच्या पोटातलं दिसत नाही."

"मग बरोबर त्याच जागी येऊन बसलात ते?"

"दुसऱ्या बाजूला झरोक्यातून ऊन येत होतं," मास्तर म्हणाले.

रविवारचा कार्यक्रम झाला नाही. गावातली मंडळी चिडली. मंडप घातलेला, पाहुणे बोलावलेले. कुणी म्हणालं, पटाऱ्याचं इंजिन चालतच नसेल. रत्नाकरनं ते ऐकून घेतलं. एरवी तो असं ऐकून घेणारा नव्हता.

रेवतीनं जेवताना विचारलं, "बाबा, साळू आजारी आहे का?"

"हो."

"कुठं दुखतंय तिला?"



दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमध्ये त्यानं पितळी पट्टी काढली. रंग खरवडला, वेष्टण सोलून काढलं. कथील साखरेसारखं दाणेदार झालं होतं आणि त्यात केसाएवढी चीर होती. त्यानं बॉयलर कापला. सांडशीत कांडी धरली. जोर लावायची वेळच आली नाही. ती अलगद बाहेर आली, काडेपेटीतून काडी यावी तशी. शेजारच्या दोन कांड्याही ताण घेऊन घेऊन वाकल्या होत्या.

रत्नाकर पायरीवर जाऊन बसला. 

भीती खरी बसली ती त्यानंतर.

घरात कुकरची शिट्टी झाली की तो जागचा उठायचा. बायकोनं दोनदा हसण्यावारी नेलं, तिसऱ्यांदा काळजीनं बघितलं. आजवर केलेली इंजिनं त्याला आठवू लागली. कुठं कुठं गेलेली, कुणाकुणाच्या घरी, कुणाच्या बागेत फिरणारी. त्यानं एकेकाला फोन केला आणि सगळी परत मागवून घेतली. उलगडून बघितली. त्यांच्यात खोट निघाली नाही. तरी त्याला बरं वाटलं नाही. आता खोट नसलेला सांधासुद्धा त्याला नुसता गप्प बसलेला वाटायचा.

साळूच्या नव्या बॉयलरचा पत्रा कापायला घेतला आणि हात चालेना. आखणी करायची, पुसायची, पुन्हा करायची. ज्योत पेटवायची, विझवायची.

शेवटी तो नांदूरटेकला गेला.

मास्तर शेडच्या दारात चाक घासत होते.

"मास्तर, मला काम होत नाही."

"हं."

"सारखं वाटतं, कुठंतरी राहिलं असेल. बघितलेलं पुन्हा बघतो. माझे हात पूर्वी असे नव्हते. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"हे जाईल ना?"

मास्तरांनी चाक उन्हात धरून बघितलं. एका जागी अंगठा फिरवला.

"कानस आण," ते म्हणाले. "इथं कड राहिली आहे."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रत्नाकर त्यांच्याजवळ बसून चाकांच्या कडा घासत राहिला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आला. मग येतच राहिला. तिथंच, त्या शेडमध्ये, त्यानं साळूचा नवा बॉयलर घडवला. पूर्वी एका बैठकीत करायचा ते काम आता दिवसचे दिवस चालायचं. प्रत्येक सांधा तो भिंग लावून बघायचा. चांदी पत्र्याच्या दुसऱ्या अंगाला वाहून आलेली दिसल्याशिवाय पुढं जायचा नाही. पाण्याची चाचणी आली तेव्हा पंप मारताना दांडा हातातून निसटत होता. त्यानं दाब दुपटीपर्यंत नेला आणि तिथं धरून ठेवला. मग पुण्याहून आपल्याच तोडीच्या एका कारागिराला बोलावून त्याच्याकडून सगळं पुन्हा तपासून घेतलं. त्या कारागिराला नवल वाटलं. रत्नाकर पटारे आपलं काम दुसऱ्याला तपासू देतो, हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

सांध्यांत खोट नव्हती.

ऊस तुटून फड मोकळे झाले, उन्हाळा लागायच्या बेताला आला. शाळेनं पुन्हा दिवस ठरवला.

सकाळ होती. मैदानाभोवतीचे रूळ पुसून चकचकीत केले होते. दोरीच्या मागं पोरं दाटीनं उभी होती, रेवती सगळ्यांत पुढं. साळू वाफेवर आली होती. सेफ्टी व्हॉल्व्हमधून बारीक फुस्‌ फुस्‌ सुरू होती. झेंडा कुणाच्या तरी हातात होता. सगळे रत्नाकरकडं बघत होते.

रत्नाकर साळूच्या डाव्या अंगाला गुडघे टेकून बसला होता. उठत नव्हता.

माणसं कुजबुजायला लागली.

त्याला कळलं नाही, मास्तर कधी येऊन शेजारी उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते घरून चालत आले असावेत, चपलांवर धूळ होती.

"काय झालं?"

रत्नाकरनं मान वर केली. 

"मास्तर, मला भीती वाटतेय."

"पाणी?"

"बघितलं."

"व्हॉल्व्ह?"

"बघितला. दोनदा."

"सांधे?"

"सगळे. पुन्हा पुन्हा. त्या पुण्याच्या माणसानंही बघितले."

"आता?"

"अजून वाटतेय. जातच नाही, मास्तर. इथं बसलोय आणि..." त्यानं नुसते हात पुढं केले.

मास्तरांनी ते हात बघितले. काळे पडलेले, भाजलेले, पानासारखे कापणारे. 

मग ते साळूच्या डाव्या अंगाला, भट्टीच्या अगदी जवळ सरकून उभे राहिले.

"पोरांना बोलाव," ते म्हणाले.